क्रूझ मुरगावला, विमान मोपाला आणि गाडी दाबोळीला: सोलापूरकरांची नेहमीची फसगत आणि तिच्यावरचे उपाय

"अरे, इथं विमानं दिसायलेत, पण आपलं विमान इथून नाही म्हणायलेत की!"

अण्णांचा हा फोन आला तेव्हा मी सात रस्त्यावर चहा पीत होतो. अण्णा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे. मुंबईहून क्रूझने गोव्याला गेले, मुरगाव बंदरात उतरले आणि ठरवलेल्या गाडीने वीस मिनिटांत विमानतळावर पोचलेसुद्धा. ड्रायव्हर भला माणूस होता. बॅगा उतरवून दिल्या, पैसे घेतले, नमस्कार करून गेला. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि सांगितलं, काका, हे दाबोळी, तुमचं विमान मोपाहून आहे. मध्ये जवळजवळ अर्धा गोवा. दुसरी टॅक्सी करून ते पोचेपर्यंत काउंटर बंद झालं होतं. रात्रीच्या बसने सोलापूर गाठलं. वाटेत खायला म्हणून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अखेर मोपाच्या बाकावर संपली.

ती गाडी मीच बुक केली होती. 'कुठून' या रकान्यात 'गोवा पोर्ट' आणि 'कुठे' या रकान्यात 'गोवा एअरपोर्ट' एवढंच टाकलं होतं. ड्रायव्हरने सांगितलं तेच केलं. त्यामुळे अण्णांनी त्याला शिव्या घातल्या तेव्हा मी गप्प बसलो.

त्यानंतर ओळखीत हाच प्रकार आणखी तीनदा ऐकला. माणसं वेगळी, गाडीवाले वेगळे, घोटाळा तोच. म्हणून हे लिहितोय. यातल्या जवळजवळ सगळ्या चुका बंदरावर होत नाहीत. त्या इथं सोलापुरात, घरी बसून बुकिंग करताना होतात.

विमानतळ कोणता, हे आधी

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी हा जुना. तो नौदलाचा तळ आहे, त्यात प्रवासी विमानांना जागा दिलेली. मुरगाव बंदरापासून तो सात-आठ किलोमीटरवर, वास्को ओलांडलं की आलाच. मोपा पार उत्तरेला, पेडणे तालुक्यात. त्याचं अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. बंदरापासून अंतर पासष्ट-सत्तर किलोमीटर.

सोलापूर-गोवा विमान ९ जून २०२५ ला सुरू झालं ते मोपाला. आपल्याला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमान मिळालं याचाच आनंद इतका होता की ते गोव्यात नेमकं कुठं उतरतं हे बऱ्याच जणांनी पाहिलंच नाही. जाताना क्रूझ आणि येताना विमान असं ठरवलं की ते पाहावं लागतं.

तिकिटावर नावापेक्षा तीन अक्षरांचा कोड बघा. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एकच अक्षर वेगळं. काही साइटवर मोपाला 'नॉर्थ गोवा' लिहितात आणि दाबोळीला नुसतं 'गोवा', म्हणून घाईत 'गोवा' निवडलं की दाबोळीच येतं. बुकिंगमध्ये 'मोपा विमानतळ, पेडणे' असं लिहा आणि वर एक फोन करून तोंडीही सांगा. वास्कोच्या ड्रायव्हरच्या डोक्यात 'एअरपोर्ट' म्हटलं की दाबोळीच येतं. वर्षानुवर्षं त्याने तेच ऐकलंय.

भाड्यावरूनही चूक आधीच पकडता येते. सात-आठ किलोमीटरचं भाडं आणि सत्तर किलोमीटरचं भाडं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणी फारच स्वस्तात हो म्हणालं तर खुश होऊ नका, कोणता विमानतळ धरलाय ते विचारा. मी तेव्हा खुश झालो होतो.

घड्याळ उलटं लावा

मुरगावहून मोपाला जाताना कुठ्ठाळीला झुआरीचा पूल, मग पणजीच्या कडेने मांडवीवरचा अटल सेतू, पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ असा रस्ता आहे. (मुंबईतही अटल सेतू आहे. आमच्या एका काकांनी मुंबईचा टोल किती ते पाहून गोव्याच्या ड्रायव्हरशी हुज्जत घातली होती.) झुआरीचा नवा पूल झाल्यापासून तिथली जुनी कोंडी सुटली, पण पर्वरीत उन्नत रस्त्याचं काम निघाल्यापासून तिथं गाडी अडकते. नकाशा दीड तास दाखवत असला तरी मी दोन तास धरतो. शनिवार-रविवार असेल तर आणखी अर्धा.

समजा विमान दुपारी तीनला आहे. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे दोनला. वयस्क माणसं, बॅगा आणि सुरक्षा तपासणीची रांग पाहता एकला दारात असावं. म्हणजे रस्त्याचे दोन तास आणि वर अर्धा तास हाताशी धरून बंदराच्या गेटमधून साडेदहाला गाडी सुटली पाहिजे. जहाज सकाळी सात-आठला लागत असेल तर हे जमतं. विमान बाराचं असेल तर जमवायच्या भानगडीत पडू नका. एक रात्र गोव्यात राहा, किंवा तारीख बदला. सोलापूरचं विमान सुटलं तर मागून तासाभरात दुसरं नसतं.

आता यातली नेहमीची गफलत. बुकिंग करताना लोक पिकअपची वेळ म्हणून जहाज लागायची वेळ टाकतात. जहाज सातला धक्क्याला लागलं म्हणजे तुम्ही सातला रस्त्यावर आलात असं नव्हे. आधी जहाजाला परवानगी मिळते, मग मजल्याप्रमाणे किंवा टॅगच्या रंगाप्रमाणे गट सोडतात. आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या बॅगा खाली रांगेत लावलेल्या असतात आणि त्यातून आपली शोधायची असते. सगळ्यांच्या बॅगा काळ्या. सोलापुरी चादरीची एखादी लाल किनार हँडलला बांधा, मी थट्टा करत नाही.

त्यात दीड-दोन तास सहज जातात. इकडे गाडीवाल्याचा फुकट थांबायचा वेळ तुम्ही लिहिलेल्या मिनिटापासून मोजला जातो. विमानतळावरून गाडी घेताना कंपन्या विमान उशिरा आलं का ते बघतात. जहाजाचं तसं कुणी बघत नाही. म्हणून तुम्ही गेटबाहेर याल ती वेळ लिहा, जहाजाची नको. बॅगा लवकर हव्या असतील तर रात्री बाहेर ठेवूच नका. सकाळी स्वतः ओढत उतरायची मुभा बहुतेक जहाजांवर असते. ती कशी मिळते ते आदल्या संध्याकाळी काउंटरवर विचारून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, जिना आणि उतार दोन्ही असतात.

'पोर्टवर भेटू' म्हणजे कुठं?

बंदर म्हणजे एसटी स्टँड नव्हे. मुरगाव हे देशातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. आत माल चढतो-उतरतो आणि गेटवर औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. पास नसलेली गाडी आत जात नाही. प्रवाशांना बसने गेटपर्यंत किंवा टर्मिनलच्या दारापर्यंत आणतात आणि तुमचा ड्रायव्हर त्याच्याही पलीकडे उभा असतो. दोघंही फोनवर "मी पोर्टवरच आहे" म्हणत राहतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

बुकिंग करताना गाडीवाल्याला सरळ विचारा: "तुमच्या गाडीला आत जायचा पास आहे का? नसेल तर आम्ही कोणत्या गेटवर, कशासमोर यायचं?" उत्तर देताना तो अडखळला तर त्याने तिथून कधी प्रवासी उचललेले नाहीत असं समजा. गोव्यात मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर नाही. तिथं गोवामाइल्सचं ॲप, हॉटेल किंवा एजंटमार्फत गाडी आणि स्थानिक टॅक्सीवाले असा कारभार आहे. कोणत्या जागेवरून कुणी प्रवासी घ्यायचे यावर त्यांच्यात वाद असतात, त्यामुळे कधीकधी ठरलेली गाडी गेटपासून जरा लांब उभी राहते. तेही आधी कळलेलं बरं. उन्हात बॅगा ओढत शोधण्यात अर्थ नाही.

नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी (विजेवरच्या गाडीला हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं) असतील तरच ती टॅक्सी. पांढरी प्लेट म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते, पण रस्त्यात पकडली तर दंड त्याला आणि विमान तुमचं जातं.

"मग इथूनच सोलापूरची एमएच १३ गाडी मागवली तर?" असं बरेच जण विचारतात. ओळखीचा ड्रायव्हर असेल आणि दहा-बारा माणसं थेट घरी परतणार असतील तर चांगलं आहे, विमानाचा प्रश्नच मिटला. पण फक्त बंदर ते मोपा एवढ्यासाठी चारशे किलोमीटरवरून गाडी आणणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

ड्रायव्हरचा नंबर येतो तेव्हा तुम्ही समुद्रात असता

बाकी सगळं जमलं तरी घोळ इथं होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

बहुतेक गाडीवाले ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडीचा क्रमांक आदल्या संध्याकाळी किंवा निघायच्या दोन-तीन तास आधी पाठवतात. तुमचं जहाज तेव्हा समुद्रात असतं. किनाऱ्यापासून आत गेलं की फोनची रेंज जाते. जहाजावर वायफाय विकत मिळतं, पण व्हॉट्सॲप चालेल इतपत ते घेतलेलं नसतं. साधा एसएमएस तर वायफायवर बहुधा येतच नाही. सकाळी रेंज येते तेव्हा लग्नाचे फोटो आणि सुप्रभातच्या फुलांखाली ड्रायव्हरचा मेसेज दबलेला असतो. त्याने तोवर चारदा फोन करून 'प्रवासी फोन उचलत नाही' अशी नोंदही केलेली असते.

आणखी एक. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं. फोन विमान मोडवर नसेल तर तो आपोआप त्याला चिकटतो आणि रोमिंगचं बिल येतं. विमान मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवा.

यावर मला सापडलेला उपाय असा: बुकिंगमध्ये दोन नंबर द्यायचे. पहिला सोलापुरात घरी असलेल्या जागरूक माणसाचा. मुलगा, सून, भाचा, कुणीही, फक्त सकाळी सातला फोन उचलणारा हवा. दुसरा प्रवाशाचा. घरचा माणूस ड्रायव्हरशी आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी बोलतो, गेट पक्कं करतो आणि सगळं एकाच मेसेजमध्ये प्रवाशाला पाठवून ठेवतो. सुप्रभात त्या दिवशी बंद. निघण्याआधी गाडीवाल्याच्या ऑफिसचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. हो, कागदावर. बॅटरी संपलेला फोन मी पाहिलाय, संपलेला कागद नाही पाहिला.

ॲपवरून गाडी घेतली असेल तर ओटीपीचा सापळा असतो. ज्याच्या फोनवरून बुकिंग, त्याच्याच ॲपमध्ये ओटीपी. मुलाने सोलापुरातून बुक केलं आणि तो नेमका तेव्हा एमआयडीसीत मशीनच्या आवाजात असला, तर आईवडील मुरगावच्या गेटवर ओटीपीवाचून गाडीजवळ उभे. बुकिंग करणाऱ्याने त्या एका तासात फोन हातात ठेवायचा, बस.

मी आता प्रत्येक बुकिंगनंतर गाडीवाल्याला असा मेसेज टाकतो. हवा तर तसाच्या तसा उचला:

"नमस्कार. मुरगाव बंदरातून मोपा विमानतळ, पेडणे (दाबोळी नाही). माणसं ४, मोठ्या बॅगा ४, लहान ३. जहाज सकाळी ८ ला लागेल, आम्ही गेटबाहेर १० ला येऊ. विमान दुपारी ३ चं. गाडी कोणत्या गेटवर येईल? भाड्यात टोल, पार्किंग आणि थांबायचा वेळ धरला आहे का? ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी दुपारपर्यंत या नंबरवर पाठवा, प्रवासी रेंजबाहेर असतील."

उत्तरात नुसतं 'ओके' आलं तर पुन्हा विचारा. गेटचं नाव आणि भाड्याचा आकडा लेखी येईपर्यंत बुकिंग झालं असं मी मानत नाही. आगाऊ रक्कम यूपीआयने थोडीच द्या, उरलेली मोपाला उतरताना.

बॅगा

चार माणसं म्हणजे साधी सेडान, असा हिशेब करू नका. टॅक्सी सीएनजीची असेल तर डिकीत टाकी बसलेली असते आणि उरलेल्या जागेत मोठी बॅग एखादीच मावते. सात सीटच्या गाडीत मागची सीट उघडली की डिकी संपते. म्हणजे सहा माणसं अधिक सामान याला ती पुरत नाही, वर कॅरियर असेल तरच. माणसं नव्हे, बॅगा मोजून गाडी सांगा. आणि सोलापूरचं विमान पंख्याचं, लहान आहे. डोक्यावरचा कप्पा बेताचाच असतो. गोव्यातून काजू किती घ्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता, या क्षणी अडकलाय?

गेटवर उभे आहात आणि गाडी नाही. सर्वांत आधी जवानाला विचारा की या गेटचं नाव काय. तेच नाव ड्रायव्हरला सांगा आणि व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाका. निम्म्या वेळा गाडी पलीकडच्या बाजूला उभी सापडते.

ड्रायव्हर उचलत नसेल तर ऑफिसला फोन लावा. वीस मिनिटं थांबा, त्याहून जास्त नको. मोपाला जायचंय, पुढे दोन तासांचा रस्ता आहे. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुम्हीच कॅन्सल करा," तर करू नका. तुम्ही रद्द केलं की पैसे अडकतात. "तुम्ही येऊ शकत नाही असं लिहून पाठवा" म्हणा. त्या मेसेजचा आणि केलेल्या कॉल्सचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. मग तिथलीच टॅक्सी घ्या, भाडं बसायच्या आधी ठरवा, पावती मागा. घरी आल्यावर परताव्यासाठी लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

गाडीत बसलात आणि वास्को सोडताच 'दाबोळी' असा फलक दिसायला लागला तर तिथेच घाबरू नका. मोपाचा रस्ताही त्याच बाजूने निघतो. ड्रायव्हरला विचारा, "मोपा ना?" एवढंच. अण्णांनी हे दोन शब्द विचारले असते तर ते संध्याकाळी घरी जेवले असते.

मुंबईला उतरणाऱ्यांसाठी

इथं घोळ दोन्ही टोकांना होतो. क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. भाऊच्या धक्क्याला नाही, गेटवेलाही नाही. तिन्ही नावं आपण एकाच दमात घेतो आणि ड्रायव्हर भलतीकडे जातो. विमानतळाच्या बाजूला आता तीन शक्यता आहेत: सांताक्रूझचं टर्मिनल १, सहारचं टर्मिनल २ आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ. पहिल्या दोन ठिकाणी ईस्टर्न फ्रीवेने जायचं, तिसऱ्याला शिवडीहून अटल सेतूने समुद्र ओलांडायचा. फ्रीवेवर चढल्यावर चूक कळली तर परत फिरायला तास जातो. सोलापूर-मुंबई विमान ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं आहे. त्याचं टर्मिनल निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावर पुन्हा बघा.

खरं सांगू? बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी दीड-दोन किलोमीटर आहे. तिथून दुपारी चारच्या सुमारास सोलापूरची वंदे भारत सुटते आणि रात्री अकराच्या आत घरी आणते. आठवड्यात एक दिवस नसते, तेवढा वार बघा. तीही चुकली तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस आहेच. विमानात बसायची हौस वेगळी, ती भागवा, पण काळी-पिवळी करून दहा मिनिटांत स्टेशनवर पोचणं याला तोड नाही.

सिंगापूरहून क्रूझ करणारेही वाढलेत, म्हणून दोन वाक्यं. तिथं क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. चांगी विमानतळाला चार. दोन्ही टोकांची नावं बुकिंगमध्ये हवीत. १ मीटर ३५ सेंटिमीटरपेक्षा लहान मुलाला खासगी गाडीत योग्य सीट लागते, टॅक्सीला ती सक्ती नाही. नातवंडं बरोबर असतील तर ते आधी सांगा. आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. सोलापुरात बसून वेळ टाकणाऱ्याने हे विसरायचं नाही.

अण्णा या थंडीत पुन्हा गेले. या वेळी त्यांनीच कागदावर मोठ्या अक्षरात 'मोपा' लिहून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि गाडीत बसताच ड्रायव्हरला दाखवला. संध्याकाळी होटगी रोडला उतरले. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ च्या जूनमध्ये, तेव्हापासून विमान येणार येणार ऐकत होतो. आता येतं, आणि इथं विमानतळ एकच आहे. बाहेर मी स्कूटर घेऊन उभा होतो. बॅगा मात्र तीन होत्या, शेवटी रिक्षाच करावी लागली.